वेबसाइटची निवड आणि प्रिस्काबायची शपथ

निर्मळ
रविवार, मिस्सा आटोपून

प्रिय प्रिस्काबाय,

‘आदरणीय’ लिहिलं की तू म्हणतेस, मला म्हातारी केलीस. आणि नुसतं ‘प्रिय’ लिहिलं की माझं मन खातं, कारण माझ्या कम्युनियनच्या झग्याला लेस तूच लावली होतीस आणि मामेबहीण असलीस तरी अर्धी आईच आहेस. तेव्हा दोन्हींच्या मधलं जे काही असेल ते समजून घे. तुझा गुडघा कसा आहे? डब्लिनच्या थंडीत तो जास्त दुखतो की रात्रपाळीमुळे, हे डॉक्टरला नीट विचारलंस का? (तू स्वतः नर्स आहेस, म्हणजे विचारलं नसणार.) इकडे सगळे बरे आहोत. वाडीतल्या केळी या वर्षी चांगल्या धरल्या आहेत.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या दोन्ही भावांच्या कंपनीची, म्हणजे आपल्या सातिवलीच्या बेकरी-ट्रेच्या कारखान्याची, वेबसाइट होते आहे. जुनी होती ती इतकी जुनी, की तिच्यावरचा फोन नंबर आता एका ब्यूटी पार्लरला लागतो. एका मोठ्या बेकरीवाल्याने ट्रे मागवायला त्या नंबरवर फोन केला आणि फेशियलचे दर ऐकून ठेवून दिला. त्यावर बॅप्टिस्टदादा म्हणाला, “जीना, त्याला सांग, नवी साइट पाहिजे.” आलोशियस समोरच्याच टेबलावरून म्हणाला, “जीना, त्याला सांग, मी बहिरा नाही.”

हो बाय, अजून तसंच चालू होतं. फर्डिनंडमामांना जाऊन महिना झाला, तेव्हाच्या चर्चमधल्या मिस्साला दादा ट्रेची डिलिव्हरी करून उशिरा पोचला, आलोशियसने तोंड फिरवलं, ते फिरलेलंच. एक केबिन, दोन टेबलं, आणि मध्ये मी. तू फोनवर सांगून टाकलंस, की हे दोघं एकमेकांशी बोलेपर्यंत मी निर्मळला पाय ठेवणार नाही. तेव्हापासून दर नाताळात आमच्याकडची तुझी खोली मी झाडते, आणि झाडताना दरवेळी वाटतं, की मी दोघांचे निरोप इतक्या तत्परतेने पोचवते म्हणूनच त्यांचं अडत नाही. मी आजारी पडले असते तर कदाचित चार दिवसांत समेट झाला असता. पण मुद्दाम आजारी पडणं मला जमत नाही, आणि खरोखर मी पडत नाही.

तर साइट. ती चालवायला आत एक यंत्रणा लागते, जिच्यातून आपणच मजकूर लिहायचा, फोटो लावायचे, दर बदलायचे. विरारचा अल्पेश साइट बनवून देणार आहे. त्याने तीन नावं सांगितली, वर्डप्रेस, जूमला आणि ड्रुपल, तिन्ही ओपन सोर्स, आणि म्हणाला तुम्हीच निवडा. दादाने विचारलं, फुकट आहे? फुकट आहे. मालक कोण? असा कोणी एक नाही. जगभरची माणसं मिळून लिहितात, एकमेकांच्या चुका दुरुस्त करतात, आणि कोणीही घेऊन वापरावं. दादाच्या कपाळाला आठी. “मग बिघडलं तर कोणाच्या दारात जाऊन ओरडायचं?”

“जीना, त्याला सांग,” आलोशियस कॅल्क्युलेटरवरची नजर न काढता म्हणाला, “आपल्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी बाया कांदे कापायला येतात, त्या काय कोटेशन देऊन येतात?”

“जीना, त्याला विचार, आणि रस्सा खारट झाला तर?”

“जीना, त्याला सांग, ज्याला खारट लागेल त्याने दोन बटाटे टाकावेत.”

मला वाटतं ओपन सोर्स म्हणजे काय हे याहून चांगलं कोणी सांगितलं नसेल. पण अल्पेश बावरला. त्याने मला बाहेर नेऊन हळूच विचारलं, “मॅडम, या दोघांपैकी मराठी कोणाला समजत नाही?”

निवड अर्थातच माझ्यावर आली, कारण मी बी.कॉम. आहे आणि कोणाच्याच बाजूची नाही. तू मला ओळखतेस. मी बाजारात वांगी निवडायला उभी राहिले की भाजीवाली दुसरी तीन गिऱ्हाइकं करते. मी तिन्ही यंत्रणा घरच्या कॉम्प्युटरवर लावून पाहिल्या. ड्रुपलमध्ये इतकं काही करता येतं, की त्यातलं आपल्याला काय करायचं आहे हेच मला ठरवता येईना (दोष त्याचा नाही, माझा). जूमलाशी बरी ओळख झाली, पण रोजनिशीत लिहायला बसले की तिसऱ्याचा, म्हणजे वर्डप्रेसचा, कैवार घ्यावासा वाटे. विकणारा कोणी असता तर त्याच्यावर अविश्वास ठेवून तरी मोकळी झाले असते. इथे कोणी काही विकतच नाही, म्हणजे चुकले तर चूक सगळी माझी.

त्यात लॅटिनचं प्रकरण झालं. अल्पेशने नमुना दाखवला, त्यात मजकुराच्या जागी नुसती जागा भरायला ‘लोरेम इप्सुम’ वगैरे घातलेलं. दादाने चष्मा काढला. तरुणपणी चर्चच्या गायनमंडळात होता ना तो. लॅटिन त्याला कळत नाही, पण लॅटिनपुढे त्याचा आवाज खाली येतो. म्हणाला, “हे पुसायचं नाही.” अल्पेशने किती सांगितलं की याला अर्थ नाही, दादा म्हणे, तुला नसेल. शेवटी मी ते कागदावर उतरवून फादरांकडे गेले. ते खूप हसले, मग म्हणाले, मूळ उतारा होता, तो तोडून-मोडून असा झाला, अर्थ काही उरला नाही. पण पहिला शब्द आहे ना, तो ‘दुःख’ या शब्दाचा मागचा तुकडा आहे. मी तेवढंच दादाला सांगितलं. तो म्हणाला, “मग काढ.” एवढंच. दुपारी त्याने डबा अर्धाच खाल्ला.

शेवटी मी वर्डप्रेस निवडलं, तर कोण कोणाच्या वर यावरून झालं. वर्डप्रेसमध्ये कोणी ॲडमिनिस्ट्रेटर असतो, कोणी एडिटर, कोणी त्याहून खालचा. आलोशियसने विचारलं, मी कोण? दादाने विचारलं, मी कोण? मी दोघांनाही ॲडमिनिस्ट्रेटर केलं. मग दोघांनीही मला विचारलं, वरचा ॲडमिनिस्ट्रेटर कोण? मी म्हटलं, अल्पेश. हे खोटं होतं, पण दोघांनाही पटलं.

आणि मग गुरुवार. ‘आमच्याविषयी’ या पानावर मामांबद्दल दोन ओळी लिहायच्या होत्या. दादाच्या कॉम्प्युटरवर ते पान उघडं होतं आणि तो स्वतः पत्र्याची बिलं बघत बसला होता. आलोशियसने आपल्या टेबलावरून तेच पान उघडलं, तर समोर पाटी आली: बॅप्टिस्ट सध्या हे पान संपादित करत आहेत. तुम्हाला ताबा घ्यायचा आहे का? खाली बटण. दाबलं की दादा बाहेर, हा आत. मी वहीत डोकं घातलं. आलोशियसने बोट माउसवर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. मी वाट पाहात होते, की आता ‘जीना, त्याला सांग’ येईल, आणि मी ठरवलं होतं की ऐकू आलं नाही असं करायचं. मग तो म्हणाला,

“दादा, सोड ना ते पान.”

दादाने बिलं खाली ठेवली. त्याला पान कुठे आहे तेच सापडेना; तो चष्म्याला शिव्या देत होता. सापडल्यावर म्हणाला, “घे.” मग थोड्या वेळाने, “पप्पांचं नाव पूर्ण लिही.”

बस, एवढंच. आता मला प्रामाणिकपणे सांगायला हवं, की शपथ तुझी आहे आणि मला ती लबाडीने सोडवायची नाही. हे बोलणं म्हणायचं की कामाची सूचना, यावर मी शुक्रवार-शनिवार विचार केला. ‘सोड ना’ यातला ‘ना’ कामाचा नव्हता, असं माझं मत आहे. पण माझी मतं कशी असतात ते तुला माहीत आहे. निकाल तू दे.

भावोजींना नमस्कार. औषध वेळेवर घे.

तुझी
जीना

ता. क. निवडीचं टिपण मी दोघांना दिलं, त्यात खर्च, सुरक्षितता, मदत मिळण्याची सोय असे रकाने केले आहेत. त्यातलं काही खोटं नाही. पण वर्डप्रेस मी निवडलं ते त्या पाटीसाठी. घरी दोघांच्या नावाची दोन खाती करून पाहताना ती मला आधीच दिसली होती.

ता. क. दोन. आणि दादाच्या कॉम्प्युटरवर ते पान मी उघडून ठेवलं होतं. तो पत्रा मोजायला खाली गेला होता तेव्हा. याचं कन्फेशन द्यायचं का हे अजून ठरत नाही. फादर पुन्हा हसतील, एवढीच भीती.

ता. क. तीन. पत्र रविवारी पुरं झालं होतं, पण माझ्याकडून पाकिटात गेलं नाही, आज सोमवार. सकाळी मी सहज म्हणाले, की बायला कळवते आहे, कदाचित नाताळात येईल. तेव्हापासून केबिनमध्ये भांडण पेटलंय, तू कोणाच्या घरी उतरणार यावरून (मी झाडून ठेवलेली खोली दोघांनाही आठवत नाही). दादा म्हणतो मोठ्याचं घर, आलोशियस म्हणतो, “तुझ्या घराच्या पायऱ्या तिच्या गुडघ्याला चढवणार आहेस काय?” समोरासमोर, मोठमोठ्याने, मला कोणी काही सांगायला सांगत नाही. मी मध्ये बसून तुला लिहिते आहे. लवकर तिकीट काढ, बाय. इथे मला आता काही काम उरलेलं नाही.