माझा अर्ज मंजूर झाल्याबद्दलची तक्रार

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी साहेब (प्राथमिक),
शिक्षण कार्यालय, वरचा मजला.

अर्जदार : प्राथमिक शाळेच्या फाटकासमोरचा शिंपी, इयत्ता दुसरीतील एका मुलीचा बाप.

विषय : माझा मागील अर्ज आपण मंजूर केल्याबद्दल तक्रार, व तो तातडीने नामंजूर करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझाच मागील महिन्यातील अर्ज.
२) त्यावर आपण काढलेला आदेश, जो शाळेच्या व्हरांड्यात सर्वांना दिसेल असा डकवलेला आहे.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय कळवतो की, आमच्या शाळेत रोज सकाळी परिपाठाच्या वेळी ‘घरची बातमी’ नावाचा प्रकार चालत असे. एक मूल माइकपुढे उभे राहून आपल्या घरातली एक बातमी सांगे. मुलांची भीड चेपावी हा मुख्याध्यापकांचा हेतू. भीड चेपली, त्याबद्दल वाद नाही. परंतु शाळेचा कर्णा रस्त्याच्या बाजूला बसवलेला असल्याने सदर बातमी शाळेसोबत वाणी, बेकरीवाली, औषधवाला आणि बसची वाट बघणारे समस्त प्रवासी ऐकत. पोस्टमनच्या घरी आजोबांची कवळी आजीच्या पर्समध्ये सापडली, हे पोस्टमनला कळण्याआधी आमच्या अख्ख्या रस्त्याला कळले होते.

२. लोकांच्या बातम्या ऐकताना मीही दुकानाच्या पायरीवर उभा राहून पोट धरून हसलो आहे, हे नाकारत नाही. पण मग माझ्या मुलीचा नंबर आला. तिने खणखणीत आवाजात सांगितले, “परवा आमच्या बाबांनी एका गिऱ्हाइकाची पँट चुकून आखूड कापली. मग ते आईला म्हणाले, कापड धुतल्यावर आटलं असं सांगू.” मुख्याध्यापक त्या क्षणी तीच पँट घालून मंचावर उभे होते. सगळ्या शाळेने त्यांच्या घोट्यांकडे पाहिले. शेवटी त्यांनी स्वतःही पाहिले.

३. दुसऱ्या खेपेला तर तिने कहर केला. “आमच्या घरी भांडण चालू आहे. आई म्हणते, बाबांना सांग जेवायला या. बाबा म्हणतात, आईला सांग मला भूक नाही. पण मी बघितलं, बाबा दुकानात गुपचूप बिस्किटं खातात.” त्या दिवशी बेकरीवाली मुद्दाम रस्ता ओलांडून आली आणि गोड देऊ की खारी, असे चारचौघांत विचारून गेली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्याच तिरमिरीत मी संदर्भ क्र. १ चा अर्ज लिहिला, त्यात ‘घरातील गोष्टी बाहेर बोलण्यास मुलांना सक्त मनाई व्हावी’ असे शब्द घातले आणि टपालात टाकून मोकळा झालो.

४. येथे माझी मुख्य तक्रार सुरू होते. साहेब, मी अर्ज करणारा जुना माणूस आहे. दुकानापुढच्या गटाराच्या झाकणासाठी मी इतके अर्ज केले, की त्यांचा ढीग रचला असता तर गटार झाकले गेले असते. पथदिव्यासाठी केले. कुत्र्यांसाठी केले. आजतागायत एकाही कार्यालयाने माझे ऐकलेले नाही, आणि त्याबद्दल माझा कोणावर रागही नाही. अर्ज करायचा असतो तो मनातली वाफ काढायला. तो मंजूर होईल अशी धास्ती कोणी बाळगतं का? आपण मात्र मागचापुढचा विचार न करता आठवड्याच्या आत मंजुरी देऊन मोकळे झालात. चौकशी नाही, त्रुटी नाही, ‘पुन्हा या’ नाही. जबाबदार अधिकाऱ्याला हे शोभत नाही, असे नम्रपणे नमूद करतो.

५. आपल्या आदेशामुळे ‘घरची बातमी’ बंद होऊन तिच्या जागी ‘उपयुक्त माहिती’ सुरू झाली. परवा कर्ण्यावरून सांगण्यात आले की लोखंड गंजते. वाणी झाडू हातात धरून माझ्या दारात आला आणि म्हणाला, “काय हो, हे ऐकायला मी दुकान लवकर उघडतो का? तुम्हीच बंद पाडलंत ना सगळं? बरं झालं का आता?” औषधवाला माझ्याकडे बघून नुसती मान हलवतो. मुख्याध्यापकांनीही मला बाजूला घेऊन हळूच सांगितले, “मला आवडायचं हो ते.” हे सर्व मी गिळले असते. माझे गाऱ्हाणे पुढेच आहे.

६. आपला आदेश बाईंनी वर्गात वाचून दाखवला. माझ्या मुलीने तो एवढा मनावर घेतला की विचारू नका. घरचे शाळेत सांगायचे नाही, तर शाळेचेही घरी सांगायचे नाही, असा हिशोब तिने आपल्या मनाने केला. पूर्वी शाळा सुटली की ती कापड कापायच्या टेबलावर पाय हलवत बसे आणि तिची टकळी दुकान बंद होईपर्यंत चाले. कोण पडलं, कोण रडलं, कोणाच्या डब्यात मुंगी निघाली, बाईंनी कोणती साडी नेसली. मी म्हणत असे, “पुरे गं बाई, कान किटले माझे!” आता मी विचारतो, “आज काय झालं शाळेत?” ती म्हणते, “काही नाही.” एवढे दोन शब्द. मग मशीनचा आवाज तेवढा ऐकू येत राहतो.

७. घरचे निरोप दुकानात आणणेही तिने ‘बाहेर बोलणे’ म्हणून बंद केले. निरोप्यानेच काम सोडल्यामुळे आम्हा नवरा-बायकोस एकमेकांशी थेट बोलावे लागत आहे. भांडण त्यातच विरघळले. पण आता आम्ही बोलतो ते फक्त ‘ही बोलत का नाही’ एवढ्याबद्दल. बायको म्हणते, “अर्ज तुम्ही केलात, तुम्हीच निस्तरा.” मी मुलीला समजावले, “अगं बोल, माझी काही हरकत नाही.” ती म्हणाली, “बाबा, ते साहेबांनी सांगितलंय. त्यावर शिक्का आहे.” मी चिंध्यांतून तिच्या बाहुलीला झालरीचा फ्रॉक शिवून दिला. तिने तो घेतला, बाहुलीला घातला, बटणे लावली आणि गप्प बसली. साहेबांपुढे बापाचे काही चालत नाही, हे तिला कळून चुकले आहे.

८. गेल्या शुक्रवारी मी एका गिऱ्हाइकाच्या छातीचे माप घेत असताना वाणी रस्त्यापलीकडून ओरडला, “अभिनंदन हो! पोरीचा पहिला दात पडला म्हणे!” त्याचा मुलगा तिच्याच वर्गात आहे. मी टेप गिऱ्हाइकाच्या अंगावर तशीच सोडून वळलो. जिचा दात पडला ती माझ्याच दुकानात, माझ्या हाताच्या अंतरावर, दप्तर मांडीवर घेऊन बसलेली होती. शाळा सुटून तास होऊन गेला होता. मी विचारले, “खरं का गं?” तिने तोंड उघडून जागा दाखवली. समोरचा, खालचा. मग तोंड मिटून घेतले. साहेब, मला फार वाईट वाटले. अर्जात असे लिहितात की नाही ठाऊक नाही, पण वाटले. माझ्या लेकीचा पहिला दात पडला आणि तो मला वाण्याकडून कळावा!

९. सबब विनंती की, आपला आदेश मागे घेऊन ‘घरची बातमी’ पूर्ववत सुरू करावी. कर्णा रस्त्याकडेच असू द्यावा. माझ्या घरातले जे काही बाहेर जाईल ते जाऊ दे, माझी अब्रू गेली तरी मी अवाक्षर काढणार नाही, हे मी या अर्जान्वये लिहून देतो. तसेच माझ्या मुलीच्या नावे एक स्वतंत्र आदेश काढावा. ती शिक्क्याशिवाय कोणाचे ऐकत नाही. मागील अर्जास आपण जी घाई केलीत, तीच घाई कृपा करून याही अर्जास करावी. माझ्या बाकीच्या अर्जांचे जे होते ते याचे होऊ नये, साहेब, हात जोडतो.

आपल्या तत्परतेने एकदा पोळलेला आणि आता तिच्याच भरवशावर बसलेला,
आपला नम्र,

(सही)
शाळेच्या फाटकासमोरचा शिंपी

दिनांक : सोमवार, शाळा भरण्यापूर्वी

सोबत :
१) माझ्या मागील अर्जाची प्रत. (वाचून झाल्यावर फाडून टाकावी.)
२) आपल्या आदेशाची प्रत. (हीसुद्धा.)
३) कोरा आखीव कागद एक, मुलीच्या आदेशासाठी. शिक्का ठळक उमटावा. मजकूर मोठ्या अक्षरात असावा, जोडाक्षरे शक्यतो टाळावीत, तिथे ती अजून अडते. ‘बोल’ एवढाच शब्द लिहिला तरी पुरे.