एका हाकेले ओ देऊ नको

८ ऑक्टोबर १९६७, रविवार

पोचलो बाप्पा एकदाचे! बस थांबली तिथं समोर डोंगर असा उभा, की मान पाठीले टेकली तरी शेंडा दिसेना. नकाशात त्याचं नाव लांबलचक आहे. गावातले लोक नुसतं ओयामा म्हणतात, म्हणजे मोठा डोंगर. ज्वालामुखी आहे, पण झोपलेला. उंची दहा हजार फुटांच्या वर. आमच्या बालाघाटात टेकडी चढून आलं तरी माणूस आठ दिवस फुशारकी मारते. तशा टेकड्या इथं पायथ्याशीच वीस-पंचवीस पडल्या आहेत.

वही मुद्दाम मराठीत लिहून राह्यलो. जपानात येऊन वर्ष झालं. खाणशास्त्राच्या वर्गात जपानी, खोलीवर इंग्रजी, मराठी बोलायाले भिंतीशिवाय कोणी नाही. जीभ गंजून राह्यली. त्यात आपली मराठी बालाघाटची, अर्धी हिंदी. पुण्याच्या माणसानं ऐकली की तो गालात हसते. हसू दे. इथं कोण वाचून राह्यलं!

आम्ही तिघं आहो. सावादा माझ्या वर्गातला, लहानपणापासून डोंगर चढणारा, भारी शिस्तीचा. म्होरक्या तोच. दुसरा गुणपाल, सिलोनचा, माझ्या शेजारच्या खोलीत राहते. पहिल्याच दिवशी मी त्याले म्हटलं, आमच्याकडे सिलोन म्हणजे रेडिओ. तवापासून दोस्ती. त्याले चार महिन्यांची पोरगी आहे, अजून त्यानं तिले पाह्यलं नाही. फोटो खिशात असते, घडीघडी काढते. डोंगराचं त्याले काही वेड नाही, थंडीनं नुसता कुडकुडते. पण डिसेंबरात तो घरी जाणार, मग कुठं भेटणार? म्हणून मी त्याले ओढून आणलं. सुखरूप परत नेतो, पोरीच्या बापाले खरचटूही देत नाही, असा शब्द दिला आहे.

मुक्काम एका म्हातारीच्या घरी. तिनं गरम भात वाढला, मुळ्याचं लोणचं दिलं. भाताले आपल्या चिन्नोर तांदळाचा वास नाही, पण भूक होती, तीनदा मागून घेतला. म्हातारी तिकडच्या बोलीत बोलत होती आणि सावादा लाजत लाजत इंग्रजीत सांगत होता. यात्रेचा मोसम संपला, वरच्या खोपीत आता कोणी नाही. मोसम संपला की डोंगरावर तोंडानं हाक मारत नाहीत, घंटी वाजवतात. तिनं तिघांले एकेक पितळी घंटी दिली, आपल्याकडे बकरीच्या गळ्यात असते तेवढी. काहून म्हणून विचारलं, तर ती चहा आणायाले उठून गेली. मले हसूच आलं. म्हाताऱ्या सगळीकडे सारख्याच.

९ ऑक्टोबर, सोमवार

दिवसभर चढलो. आधी लाल-पिवळं रान, मग झुडपं, मग नुसता काळा चुरा. बाबा मॅंगनीजच्या खाणीतून यायचे तवा त्यांच्या जोड्यातून असाच चुरा झडे. दोन पावलं वर टाकली की एक पाऊल खाली घसरते. गुणपाल सारखा थांबे, खिशातून पोरीचा फोटो काढे आणि म्हणे, बाई, तुझा बाप मूर्ख आहे.

घंट्यांची किणकिण डोक्यात जाऊ लागली. सावादानं आपली काठीले बांधून ठेवली, आम्ही दोघांनी पिशवीत कोंबल्या. दुपारी धुकं उतरलं. आपला हातच आपल्याले दिसेना. सावादाच्या डोंगर चढणाऱ्या मंडळींची एक रीत आहे. पुढचा एकदा "ओई" म्हणून हाक मारते, मागच्यांनी एकेक करून ओ द्यायची. इंग्रजी 'येस' धुक्यात पोचेना. मी म्हटलं, आमचं 'हौ' वापरून पाहा, पोटातून निघते, लांब जाते. गुणपालले ते भारी आवडलं. सावादानंही म्हणून पाह्यलं, त्याचं हव् असं जड निघालं, आम्ही चिडवलं. मग काय, सावादा "ओई" करे, मी हौ, गुणपाल हौ. अख्ख्या जपानात आज पहिल्यांदा बालाघाटचं हौ घुमलं असन!

एकदा मात्र माझं झालं, गुणपालचं झालं आणि मग खालून आणखी एक हौ आलं. गुणपाल म्हणाला, प्रतिध्वनी आहे. असन.

खोपी दगडाची आहे, एक खोली, एक दार, मधात चूल. चहा घेताना मले आईची गोष्ट आठवली. बाबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. घरातले देव वैनगंगेत सोडले, अंगारे-धुपारे बंद केले. आईनंही सगळं सोडलं, एक सोडून. लहानपणी लामत्याकडच्या रानात मोह वेचायाले जात होतो तवा ती बजावे, "रानात एका हाकेले ओ देऊ नको, भोज्या. माणूस असन तर दुसऱ्यांदा हाक मारते." बाबा चिडत. म्हणत, जिजा, देव गेले तरी तुझी भुतं काही जात नाहीत.

मी हे हसत हसत, नकला करून दोघांले सांगितलं. धूर जावा म्हणून दार उघडंच होतं. आम्ही दिवसभर नेमकी एकाच हाकेले ओ देत आलो होतो, त्याचीच जास्त गंमत वाटली. गुणपालनं छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "भोज, तुझ्या आईचा मान राखायला मी तुला नेहमी दोनदा हाक मारीन." मले भोज म्हणणारा तोच एक.

१० ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी शेंड्यावर गेलो. वर एवढा मोठा खड्डा, की आपलं किरनापुर त्यात घरादारासकट मावन. तळातून गंधकाचा वास येते, कुठंकुठं वाफ निघते. काठावर उभं राहून गुणपालनं पूर्ण जोर लावून खड्ड्यात हौ टाकलं. काहीच परत आलं नाही. एवढ्या मोठ्या खड्ड्यात आवाज घुमायाले पाहिजे होता. आम्ही वाट पाह्यली. सावादाले ते आवडलं नाही, चला म्हणाला.

पाठ फिरवून चाळीस-पन्नास पावलं आलो असू, तवा मागून आलं. हौ. गुणपालचंच, हुबेहूब. मी वळून पाहाले गेलो आणि पाय निसटला. घोटा मुरगळला तो असा, की टेकताच येईना. दोघांनी काखेत धरून खोपीत आणलं. मोठा आला डोंगर चढणारा! मलेच नेऊन राह्यले.

उद्या सावकाश उतरू म्हणतात. धुकं पुन्हा चढून राह्यलं. या वेळी ते खड्ड्यातून येऊन राह्यलं.

११ ऑक्टोबर, बुधवार

पाय सुजून मांडीएवढा झाला. बाहेर बर्फ आणि धुकं. गुणपालचं डोकं सकाळपासून ठणकून राह्यलं, दोनदा ओकला. सावादा म्हणाला, उंची बाधली, याले आज खाली न्यायालेच पाहिजे. पण दोघांले एकटा कसा नेणार? धुकं उठलं की निघू, असं ठरलं.

दुपारची गोष्ट.

सावादा पाण्यासाठी बर्फ आणायाले खोपीच्या मागच्या अंगाले गेलता. बाहेरून बाईचा आवाज आला. एकदाच. भाषा मले समजली नाही. गुणपाल उठून बसला. चेहरा असा खुलला, की दुखणं कुठं गेलं कोण जाणे. म्हणाला, बायको आली, पोरगी कडेवर आहे. मी म्हटलं, अबे, ती सिलोनात आहे, झोप. त्याचा सदरा पकडला. तो माझ्याकडे पाहून हसला आणि दाराकडे तोंड करून म्हणाला, हौ.

त्याच्या भाषेतलं काही नाही म्हणाला. माझं हौ म्हणाला.

सदरा हातातून सुटला. पायमोज्यावर गेला तो. मी सरपटत दारापर्यंत गेलो, ओरडलो. सावादा धावत आला. दार त्याच्यापासून दहा हातांवर होतं, पण त्याले कोणी दिसलं नाही. अंधार पडेपर्यंत तो शोधत राह्यला. मी दारात बसून होतो. आणखी काय करणार?

फोटो उशाखाली राह्यला. घंटी पिशवीतच आहे.

१२ ऑक्टोबर, सकाळ

सावादाले पावलं सापडली. वर गेली आहेत, खड्ड्याच्या काठापर्यंत. तिथून पुढं नाहीत. मागंही नाहीत.

तो मदत आणायाले खाली चालला. मले चूल पेटवून दिली, बिस्किटं दिली. काठीची घंटी वाजवत येईन म्हणाला. घंटी ऐकू आली तरच दार उघड. त्यालेही समजलं आहे.

उतरताना बराच वेळ घंटी ऐकू येत होती. मग थांबली. लांब गेला असन.

दुपार

वरून हौ आलं. गुणपालचं. कोणी हाक मारली नव्हती, तरी ओ.

मग दाराशी कोणीतरी म्हणालं, भोज. एकदाच.

मी तोंडात मफलर कोंबला. तो दोनदा हाक मारणार होता, छातीवर हात ठेवून म्हणाला होता. पण बर्फात अर्धमेल्या माणसाले एवढं आठवते का? तोच असन आणि मी आत चुलीशी बसलो असन तर— आई, मी काय करू?

दुसरी हाक नाही आली.

संध्याकाळ

भोज्या. आईचा आवाज. लामत्याच्या रानात मारायची तसा, शेवटचा 'या' लांबवून. इथं माझ्या मायचा आवाज! मी खूप रडलो. ओ नाही दिली. एकदाच होती.

१३ ऑक्टोबर

खालून माणसं यायाले पाहिजे होती. घंटी नाही.

वरून आता दोन हौ येतात. एक गुणपालचं. दुसरं सावादाचं— त्याचं हौ जड निघे, हव् असं, मी चिडवत होतो त्याले—

पण तो तर खाली गेला होता. खाली.

चूल विझली. पाय काळा पडला. उभा राह्यलो, पडलो.

तारीख समजत नाही

वर ओई. मग हौ, हौ. मग थांबतात. तिसऱ्यासाठी थांबतात. माझ्या पाळीसाठी—

तोंड आपोआप उघडते. सवय लागली. मीच लावली, तिघांलेही.

—

दाराशी कोणी आहे. पायमोज्यांचा आवाज. ओले.

भोज.

वाट पाहून राह्यलो. आई, वाट पाहून राह्यलो—

भोज.

दोनदा. दोनदा मारली! माणूस आहे. गुणपाल आहे. म्हणाला होता दोनदा—

पण हे मी मोठ्यानं सांगितलतं. दार उघडं होतं. बाहेर धुकं—

रडून राह्यला तो. थंडी वाजते म्हणते. पोरीचा फोटो मागते. त्याले पोरीजवळ न्यायचा शब्द दिला मी. तोच असन तर? तोच असन आणि मी—

कडीपर्यंत सरपटता येते. फोटो घेतला. बोलत नाही, दार थोडं उघडून फक्त पाहतो. ओ देत नाही. तोंड दाबून—

भोज भोज

ह