परतीची धून

न्यू ऑर्लिन्स, ३ मार्च १९५६

चि. ओडीलीस अर्सुलाआत्याचे आशीर्वाद, सोबत एक धपाटा.

महिना झाला, तुझी एक ओळ नाही. शिकागोत गाणाऱ्या बायकांना बोटं नसतात की काय? तुझ्या बापाचा श्वास फार तोकडा झालाय. बँडात जन्मभर फुंकलेला ट्रम्बोन पलंगाखाली गेला. डॉक्टर माझ्याशी बोलताना खिडकीबाहेर बघतात, त्यावरून काय ते समज. सोमवारचा राजमा-भात दोन घास खाल्ला आणि मीठ कमी म्हणून माझ्यावर खेकसला, तेवढाच काय तो जुना आल्सीद उरला आहे. तुझं नाव काढत नाही, पण पोस्टमन आला की उशीवरून मान उचलतो. येऊन जा पोरी. रुसवेफुगवे मग काढू.

तुझ्यावर चिडलेली आणि तुझीच,
आत्या


शिकागो, ८ मार्च

ती. आत्यास शि. सा. न. धपाटा पोचला आणि लागलाही.

पुढच्या शुक्रवारी माझी पहिली तबकडी भरायची आहे. गिटार माझी, गळाही माझाच. ते झालं की लगेच गाडीत बसते आणि पपांच्या उशाशी तीच गाणी वाजवते.

आत्या, बोलायला यायच्या आधी त्यांनी मला सूर लावायला शिकवलं. दुधाचे दात पडायच्या वयात मयतीच्या बँडमागे चालवलं. जाताना रडवणारी धून, आणि माणूस कबरीत ठेवला की परतताना नाचायची. डोळे मिटून सांग मयत कुठवर आली, असं विचारायचे, आणि चुकले की टपली. एवढं शिकवलं, आणि मी गिटार उचलली तर म्हणाले, जे रस्त्यावर ऐकू येत नाही ते वाद्य कसलं? इथे लोक तिकीट काढून मला ऐकतात. एका माणसानं ऐकलेलं नाही, आणि तेच सलतं. त्यांना तेवढे दिवस थांबायला सांग.

असाच जीव लावत राहा.
ओडील


शिकागो, २२ मार्च

ती. आत्यास नमस्कार. जास्त लिहायला हात होत नाही.

गाणी भरून आले, बॅग भरत होते, तेवढ्यात पपा गेल्याची तार आली. मी येईपर्यंत थांबा, अशी तार लगेच केली होती. वाटेत रुळांवर पाणी आलं आणि गाडी अडकली. शेवटी आपल्या कोपऱ्यावर टॅक्सीतून उतरले, तर लांबून बँड. धून कशी, ठसक्यात! नाचणाऱ्यांच्या छत्र्या वर-खाली होत होत्या. आत्या, आधी माझे पाय हलले. हातात गिटार घेऊन मी दोन पावलं नाचले. मग कळलं, ही धून कोणाला ठेवून परत येते आहे.

म्हणून मी तुझ्याशी बोलले नाही, ताटावर बसले नाही, सकाळी निघून आले. तासभर थांबता आलं नसतं का तुम्हाला?

ओडील


न्यू ऑर्लिन्स, २७ मार्च

चि. ओडीलीस आशीर्वाद. या खेपेला धपाटा नाही.

थांबलो होतो ग. ट्रम्पेटवाल्या नार्सिसनं कब्रस्तानाच्या फाटकाशी रडवी धून पुन्हा पुन्हा वाजवली, वाजवून वाजवून त्या म्हाताऱ्याचे ओठ सुजले. पाद्री घड्याळ बघायला लागले. तेव्हा मीच म्हटलं, चला. कारण आल्सीदनं मला बजावून ठेवलं होतं. म्हणाला, कार्टी उशिरा येणार, नेहमीच येते. तिच्यासाठी अडून राहू नका. आणि मला ठेवून आलात हे रडका चेहरा घेऊन कोणी तिला सांगायलाही जाऊ नका. परतीची धून जोरात वाजवा, तिला कोपऱ्यावरूनच कळेल. तिचे कान मी घडवलेत.

तुझे पाय हलले हे वाचून मी त्याच्या रिकाम्या पलंगावर बसून पोटभर रडले. लाज वाटून घेऊ नकोस. ते पायही त्यानंच घडवले.

मी त्याला विचारलं होतं, अरे, आणि तिची गिटार? जन्मभर हिणवलीस ती? तर म्हणाला, तिला गिटार घेऊन यायला सांग. मी असेन तिथं बँड नसतो. तिथं ऐकू येईल.

तू कबरीपाशी न जाताच गेलीस. तो वाट बघतोय, आणि मीही.

आत्या