दुपट्याखाली झोपलेल्या बाळाच्या प्रकरणात मला निर्दोष ठरवू नये म्हणून

दि. ३ ऑगस्ट, सोमवार
सकाळी ९.४०

प्रति,
मा. विभागप्रमुख,
बालसंगोपन विभाग,
त्रानेवीग नगरपालिका.

विषय : दि. ९ जूनच्या घटनेत अर्जदारास निर्दोष ठरवणारा निर्णय रद्द करून दोषाची नोंद घेणेबाबत. तसेच ‘उन्हाळा आणि आपले बाळ’ या माहितीपत्रकातील पृष्ठ ४ तातडीने मागे घेणेबाबत.

संदर्भ : (१) आपला चौकशी अहवाल क्र. ११७, दि. ३० जून.
(२) माझे अर्ज दि. ३, १० व १९ जुलै.
(३) आपली त्यांवरील तीन उत्तरे.

महोदय,

१. मी, खाली सही करणारी रिगमोर थायसेन, वय ६१, राहणार मच्छीमार गल्ली, घर क्र. १४, गेली सव्वीस वर्षे नगरपालिकेच्या वतीने माझ्या राहत्या घरी चार लहान मुलांना दिवसभर सांभाळते. बेकरीत गाठ पडली की आपण एकमेकांना अरे-तुरेच करतो, आणि आपली धाकटी कन्या माझ्याच अंगणात पहिलं पाऊल टाकायला शिकली. परंतु हा अर्ज आहे, म्हणून येथे ‘आपण’ लिहीत आहे. आपण रागावू नये.

२. संदर्भ १ च्या अहवालात मला निर्दोष ठरवण्यात आले आहे. त्यात लिहिले आहे की, बाळाला टोपी होती, सनस्क्रीन लावलेले होते, बाबागाडीवर फिकट रंगाचे पातळ कापड होते, व हे सर्व माहितीपत्रकानुसारच होते. पुढे लिहिले आहे की, “उष्णतेची लाट असताना सदर महिलेने प्रसंगावधान राखले.” माझ्याविरुद्ध एकच शेरा आहे. तो असा की, मुलांना दिलेल्या आइसकांड्यांत साखर घातलेले एल्डर-फुलांचे सरबत होते, जे साखरविषयक धोरणाचा भंग करणारे आहे. हा अहवाल खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे आणि तरीही जे घडले ते त्यात कुठेच नाही.

३. म्हणून जे घडले ते लिहिते. दि. ९ जून, मंगळवार. एकतीस अंश; आपल्या डेन्मार्कात एवढं तापणं क्वचितच. मी सकाळी चारही मुलांना सनस्क्रीन चोपडले, कानांच्या पाळ्यांना आणि पायांच्या बोटांनासुद्धा. अकरानंतर कोणालाही उन्हात जाऊ दिले नाही. पाण्याची घमेली जिन्याखालच्या सावलीत ठेवली. जेवणात गोड थंड ताक आणि चुरलेली बिस्किटं दिली, कारण अशा दिवशी मुलं दुसरं काही गिळत नाहीत. सव्वाबाराला सर्वांत लहान, चौदा महिन्यांचा विलुम, याला बाबागाडीत घालून अंगणात भिंतीशी झोपवले. मोकळ्या हवेत झोपलेलं मूल निकोप होतं, हे आपण सगळेच आईच्या दुधाबरोबर शिकलो. बर्फ पडत असतानाही आपली मुलं बाहेरच झोपतात आणि त्यांना काही होत नाही. गाडीचा टप वर केला आणि त्याच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून टपापासून पायांपर्यंत मलमलचं पांढरं दुपटं पसरून चिमट्यांनी अडकवलं. सव्वीस वर्षं हेच केलं आहे. फरक इतकाच की सव्वीस वर्षं त्या भिंतीवर शेजारच्या लिंडनची सावली असायची, आणि ते झाड एप्रिलमध्ये सांडपाण्याच्या नळासाठी तोडलं गेलं. माझ्या हुशारीमुळे मुलं सुखरूप आहेत असं मी समजत होते. त्यांना ते झाड सांभाळत होतं आणि मला पत्ता नव्हता.

झोपलेल्या मुलाचं दुपटं उचलायचं नाही, जाग येते. हाही आपल्याकडचा नियमच. मी दोन वेळा जवळ जाऊन कान दिला. आत शांतता होती. मला वाटलं, किती गाढ झोपलाय. दोन वाजेपर्यंत मी ते दुपटं उचलणार नव्हते, हे मी शपथेवर लिहून देते. एक वाजून दहा मिनिटांनी मी बाकीच्या तिघांना फ्रीजरमधल्या आइसकांड्या दिल्या. तीन वर्षांची लिव्ह चौथी कांडी हातात धरून गाडीपाशी जाऊन उभी राहिली. मी म्हटलं, “त्याची ठेव परत, तो उठला की खाईल.” ती पाय आपटून म्हणाली, “वितळतेय गं! बघ, माझ्या कोपरापर्यंत आली! उठव ना त्याला!” तिचं रडणं थांबावं म्हणून, केवळ म्हणून, मी दुपटं उचललं.

आतून जी वाफ आली ती भट्टीचं दार उघडल्यावर येते तशी होती. तो लालबुंद झाला होता, आणि अंगावर घामाचा थेंब नव्हता. हाक मारली तर मान लुळी पडली. मी त्याला तळघरात नेलं, ओल्या टॉवेलात गुंडाळलं, रुग्णवाहिका बोलावली. दोन रात्री तो रुग्णालयात होता. तो बरा आहे. देवाचे, डॉक्टरांचे आणि आपल्या धोरणात न बसणाऱ्या त्या आइसकांडीचे उपकार.

४. आपले पर्यवेक्षक श्री. ब्योल चौकशीला आले तेव्हा मी त्यांना दुपट्याचं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी पिशवीतून माहितीपत्रक काढलं, पृष्ठ ४ उघडलं आणि म्हणाले, “मग झालं तर! बघ, ‘बाबागाडीवर पातळ, फिकट कापड घालावे.’ पुस्तकाबरहुकूम केलंयस की! उगाच कशाला स्वतःला टोचून घेतेस?” मग ते स्वयंपाकघरात गेले आणि सरबताच्या बाटलीवरची साखर वाचू लागले.

पृष्ठ ४ वर एक छायाचित्रही आहे, याकडे मी आपले लक्ष वेधते. पांढरी भिंत, बाबागाडी, दुपटं, चिमटे. ते अंगण माझं आहे. अकरा वर्षांपूर्वी आपल्याच विभागाची एक मुलगी कॅमेरा घेऊन आली होती. ‘अनुभवी बाई कसं करते ते दाखवायचंय’ म्हणाली. मी हुरळून गेले होते, भिंत पुसून घेतली होती. छायाचित्र कापताना वरचं झाड गेलं. म्हणजे आपण मला ज्या पुस्तकाच्या आधारे निर्दोष ठरवलंत, ते पुस्तक माझ्यावरून लिहिलेलं आहे. माझी चूक बरोबर, कारण मी ती आधी केली होती. महोदय, हा न्याय मला पचत नाही.

५. केवळ मनाच्या समजुतीवर अर्ज करू नये म्हणून मी जुलैमध्ये नऊ दिवस प्रयोग केला. एक किलो मैद्याच्या पिशवीला टोपडं घालून ती बाबागाडीत ठेवली, शेजारी मांस भाजताना लावायचा तापमापक. बाहेर तेवीस अंश असताना, दुपट्याशिवाय तासाभराने आत सत्तावीस. दुपटं घातल्यावर अडतीस. तक्ता सोबत जोडला आहे. कुंपणापलीकडून निवृत्त नावाडी एयविन रोज विचारतो, “रिगमोर, पीठ उठलं का गं? शी-शू झाली का त्याची?” मी तापमापक वाचून आकडा लिहिते. लोक हसतात ते हसू देत. दुपटं जेवढं पातळ तेवढं आपण निर्धास्त, आणि वारा तर त्यातूनही आत जात नाही, हे मला एकसष्टाव्या वर्षी मैद्याने शिकवलं.

६. माझ्या पहिल्या अर्जाला आपण उत्तर दिलेत की, निर्णय अर्जदाराच्या बाजूने असल्यामुळे त्याविरुद्ध दाद मागण्याची तरतूद नाही. मी दूरध्वनी केला, तेव्हा आपल्या कार्यालयातील बाई हसल्या: “अगं, लोक निर्दोष ठरवा म्हणून अर्ज करतात. तुझ्यासाठी आमच्याकडे फॉर्मच नाहीये!” दुसऱ्या अर्जाच्या उत्तरात मला सहा बैठकांचे मोफत समुपदेशन मंजूर झाले. त्याबद्दल आभार; एका बैठकीस जाऊन आले, समुपदेशक सज्जन आहे, पण पृष्ठ ४ बदलण्याचा त्याला अधिकार नाही. तिसऱ्या उत्तरात आपण कळवलेत की माहितीपत्रकाच्या प्रती आधीच छापून तयार आहेत व त्या संपल्यावर, म्हणजे बहुधा पुढच्याच्या पुढच्या वर्षी, मजकुराचा फेरविचार होईल. सोबत साखरविरहित खाऊची पाककृती होती: गारेगार काकडीच्या फोडी. मी करून पाहिल्या. लिव्हने त्या फुलझाडांच्या कुंडीत पुरल्या.

७. आता जे लिहायचे आहे, त्यासाठीच खरे तर हे चारही अर्ज आहेत.

विलुमची आई मायब्रित हिला दुपट्याचं हे ठाऊक नाही. रुग्णालयाच्या व्हरांड्यात डॉक्टर तिला म्हणाले, “या बाईंनी लगेच ओलं केलं म्हणून निभावलं.” ती माझ्या गळ्यात पडून रडली. त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. मला वाटलं, चौकशी होईल, अहवाल येईल, त्यात दुपटं येईल, ती वाचेल आणि मग तिने माझं तोंड पाहिलं नाही तरी चालेल. माझ्या जिभेने जे होत नव्हतं ते मी आपल्या शिक्क्यावर सोपवलं. अहवाल आला, त्यात “उष्णतेची लाट” आली आणि मी प्रसंगावधानी बाई ठरले. मायब्रितने तो अहवाल फ्रिजवर लावला आहे.

काल, रविवारी, ती स्ट्रॉबेरीचा केक घेऊन माझ्याकडे आली. रजेवर आहे, विलुमला घरीच झोपवते, दक्षिणेकडच्या गच्चीत. विलुम माझ्या मांडीवर येऊन माझं नाक ओढत होता. ती म्हणाली, “आता मी फार जपते गं. उन्हाचा एक कवडसा त्याच्यावर येऊ देत नाही. तुझ्यासारखंच दुपटं आणलंय, तसेच चिमटे लावते. पुस्तकातसुद्धा तसंच आहे ना!” आणि पिशवीतून ते दुपटं काढून मला दाखवलं.

आणि महोदय, तेव्हाही मी सांगितलं नाही. मी म्हटलं, “किती मळलंय, दे, धुऊन देते.” ते आत्ता माझ्या कपाटात आहे. अशा रीतीने बाळाचा जीव वाचवता येत नाही एवढं मला कळतं. तिच्याकडे दुसरं असेल, नसेल तर ती चादर घालेल, कारण ती जपणारी आई आहे. आणि जपणारी आहे म्हणूनच घालेल. काल ढग होते. आज सकाळी आठलाच पंचवीस अंश आहेत आणि हवामान खात्याने बुधवारपर्यंत बत्तीस सांगितले आहेत. आपल्या डेन्मार्कात सगळे आनंदाने गच्च्या झाडत आहेत.

मी भित्री आहे. तिचा चेहरा बदललेला मला पाहवणार नाही, सव्वीस वर्षांचं नाव जाईल, मुलं जातील, हे सगळं मी मोजत बसले आणि त्यात आठ आठवडे गेले.

८. सबब नम्र विनंती की,

(अ) अहवाल क्र. ११७ मध्ये “बाबागाडीवर दुपटे घातल्यामुळे व ते पंचावन्न मिनिटे न उचलल्यामुळे बाळास उष्माघात झाला; हे रिगमोर थायसेन हिने केले” अशी नोंद घ्यावी;

(आ) पृष्ठ ४ मागे घ्यावे. नव्याने छापणे शक्य नसल्यास त्यावर चिकटवण्यासाठी “गाडीवर काहीही पांघरू नये, गाडी सावलीत ठेवावी, दर दहा मिनिटांनी बाळाला हात लावून पाहावे” अशा चिठ्ठ्या मी स्वखर्चाने लिहून, स्वतः येऊन सर्व प्रतींवर चिकटवून देण्यास तयार आहे. मला समोरच्या खोलीतलं एक टेबल आणि खुर्ची पुरेल;

(इ) साखरेबाबतचा शेरा खुशाल राहू द्यावा. त्या कांड्या मी पुन्हा करणार आहे.

आपल्या उत्तरास नियमानुसार चार आठवड्यांची मुदत आहे. ते आपण सावकाश द्यावे. हा अर्ज लिहायला बसले तेव्हा मी त्या उत्तराची वाट पाहणार होते. आता पाहणार नाही.

कळावे,
आपली नम्र आणि दोषी,

रिगमोर थायसेन
मच्छीमार गल्ली, त्रानेवीग

सोबत :
(१) तापमानाचा तक्ता, नऊ दिवसांचा.
(२) माहितीपत्रक, पृष्ठ ४, भिंतीवर झाड कुठे होते ते पेन्सिलीने दाखवून.

प्रत :
मायब्रित लुनगोर, विलुमची आई, जेट्टी रस्ता, दुसरा मजला. (ही प्रत टपालाने पाठवलेली नाही. बाळ बाराला झोपतं, त्याआधी हातात देत आहे. मायब्रित, आधी परिच्छेद ३ वाच. मी दारातच उभी आहे.)