रिताचा रोवणा

२ जून
आले एकदाची! सानगडीजवळच्या या गावात आरोग्य उपकेंद्राची अधिकारी म्हणून माझी पहिलीच नेमणूक, अकरा महिन्यांचा करार. शकुनबाईंच्या घरातली पुढची खोली भाड्याने मिळाली. खिडकीतून थेट तलाव दिसतो. शकुनबाईंनी पोटभर जेवू घातलं आणि माझं मनगट चाचपून म्हणाल्या, "म्याडम, तुमी तं हवेनं उडून जान." आतल्या खोलीत त्यांची सून रिता भिंतीकडे तोंड करून पडलेली. होळीपासून अंथरूण धरलंय म्हणे. तिला बरं करायचंच, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

११ जून
मानसिक आरोग्याचे फॉर्म आजच द्यायचे होते. रिताला नऊ प्रश्न विचारले: झोप, भूक, थकवा, कशात मन लागतं का, जगणं नकोसं होतं का. सत्तावीसपैकी एकोणीस गुण. शेवटी एक वेगळा प्रश्न होता: याआधी कधी दिवसचे दिवस अति आनंद, अति बडबड, झोप नसूनही अंगात दहा हत्तींचं बळ? रिताने मान उचलली. काही सांगणार होती. शकुनबाईच मध्ये बोलल्या, "नायी जी, आमची रिता गरीब गाय हाये." मला मीटिंगला उशीर होत होता. 'नाही'वर खूण केली. जिल्हा दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फॉर्म पाहून व्हिडिओवरच उदासीच्या गोळ्या लिहून दिल्या.

१४ जुलै
रिता उठली! धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सुरू झालाय आणि ती एकटी दोन बायांचं काम करते. गाणी तिचीच, हसणं तिचंच. बांधावर सगळे म्हणतात, म्याडमच्या गोळीत जादू आहे. मीही शेफारले थोडी. आईला फोन करून फुशारकी मारली.

१९ जुलै
रिता चार दिवस झोपलेली नाही. शकुनबाईंना त्यात काही वावगं वाटत नाही. रोवण्यात कोन झोपते, म्हणतात. आज तिने माझ्या हातात रोपांची पेंढी कोंबली आणि सारा जिल्हा आपण एकटी रोवणार, असं एका दमात सांगत सुटली. एक वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरं. मला भीती वाटली. पवनीला राहणाऱ्या तिच्या आईला, चंद्रकांताबाईंना फोन लावला. त्या रडायलाच लागल्या. लग्नाआधी दोनदा असंच झालं होतं. सासरी मालूम होऊ नये म्हणून लपवलं.
म्हणजे हा दोन टोकांचा आजार. कधी पाताळ, कधी आभाळ. अशा माणसाला नुसती उदासीची गोळी दिली तर ती त्याला आभाळात भिरकावू शकते. हे मी परीक्षेत लिहिलंय, चांगले मार्क पडले होते.
डॉक्टरांना आजच सांगायला हवं. पण फॉर्मवरची खूण माझी. करार जाईल. उद्या सांगते.

२१ जुलै
नाही सांगितलं. मीटिंग होती. खोटं. मीटिंग दुपारीच संपली.
अंगणात रोपांच्या ओळी. तुळशीभोवती, न्हाणीत, माझ्या उंबऱ्याला लागून. शकुनबाई काल हसत होत्या. आज नाही.

२२ जुलै
ती रस्त्यावर रोवतेय. डांबरात. बोटं सोलली, तिला कळतच नाही. मला पाहून म्हणाली, "म्याडम, तुमीच तं मले उठवलं." इतक्या मायेने. मी खोलीत आले आणि — दार लावून घेतलं. लाज वाटते लिहायला. लावलं.

२३ जुलै, दवाखान्यात
सकाळी तलावात — वाकून रोवत होती. रोवणारी बाई मागे मागे सरकते ना, तशीच. खोल पाण्याकडे. छातीपर्यंत — हनुवटीपर्यंत — हात खाली, रोवतच. आणि हसू. मी किनाऱ्यावरून ओरडत राहिले. मासे धरणाऱ्यांनी ओढून काढलं.
शुद्ध नाही. पण बोटं — चादरीवर — चिमटीत काही नाही, तरी रोवताहेत. थांबत नाहीत.
डॉक्टरांनी विचारलं, आधीही असं झालं होतं हे कधी कळलं. मी म्हटलं, आजच.
शकुनबाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, म्याडमनं पोरीसाठी केवढं केलं. हात सोडवता येईना.
१९ तारखेचं पान फाडून टाकावं — कोणाला काय —
चंद्रकांताबाई आल्या पवनीहून. डॉक्टर आता त्यांनाही तेच विचारताहेत. त्या सांगताहेत. बोट माझ्याकडे —