बाजूच्या कप्प्यातली बाटली

प्रिय शारदा,
तुला आठवण, आईंना नमस्कार आणि अंबाजोगाईच्या उन्हाला लांबूनच रामराम.

मी मजेत आहे. ऑफिसातल्या पोरांनी मला सॅक भरायला शिकवलं. अंथरूण तळाशी, जड सामान पाठीला चिकटून, रेनकोट वर. रविवारी ऐनवेळी सगळ्यांना कामं निघाली, म्हणून मी एकटाच कोळवणच्या डोंगरावर गेलो. निघताना घरमालकीण तुळजाबाई म्हणाल्या, "एवढं बोचकं घिऊन खोली सोडताय व्हय? बायकोनं बोलावलं जणू!" म्हटलं, "मावशी, मीच तिला बोलावतोय."

सॅक इतकी नीट भरली होती की तूसुद्धा नावं ठेवली नसतीस. फक्त बाजूच्या कप्प्यातल्या बाटलीपर्यंत आपला हात पोचत नाही, हे पोरांनी सांगितलं नव्हतं. ती मागून येणाऱ्यानं काढून द्यायची असते. चढावर घशाला कोरड पडली आणि घरच्या सवयीनं मी ओरडलो, "शारदा, पाणी दे गं!"

एका म्हशीनं तेवढं वळून पाहिलं.

मग प्रत्येक घोटाला सॅक उतरवली, पुन्हा चढवली. व्यायाम झाला, काळजी करू नकोस.

आईंचे गुडघे कसे आहेत? तुझ्या बदलीचं काय झालं? घाई नाही. पण पुढच्या रविवारीही मी डोंगरावर जाणार आहे, आणि बाटली त्याच कप्प्यात ठेवणार आहे.

तुझाच,
नरहरी