ती बरणी परत कशी मागू?

१२ एप्रिल, शनिवार

चार किलो! गच्चीवरच्या पंधरा थर्माकोलच्या खोक्यांतून चार किलो मिरच्या! मागच्या तोडणीच्या मजल्यावर सगळ्यांना दोनदा वाटून झाल्या होत्या. आज मला पिशवी घेऊन येताना बघून निशाकाकूने दारच लावून घेतलं.

आई म्हणाली, "जाड्या सांडग्याला, लांबड्यांचं लोणचं. आणि ऋतू, आधी स्वच्छ धू, पूस, पंख्याखाली सुकव, मगच चीर. थेंबभर पाणी राहिलं तर बुरशी धरते."

धू म्हणे! दोन दिवस नळाला पाणी नाही. टँकरची वाट बघत अख्खं दिवा गाव बसलंय.

१३ एप्रिल

टँकर आलाच नाही. आई मामाकडे गेलेली. मिरच्या मऊ पडायला लागल्या होत्या, मग कोरड्या फडक्याने पुसल्या आणि घेतल्या चिरायला. नाहीतरी पाणी लागायला नकोच होतं ना? मोहरीची डाळ, मेथी, हिंग, मीठ, लिंबू. तेल कडकडीत तापवून गार करून वर ओतलं. दोन बरण्या भरल्या. उरलेल्या मिरच्या सांडग्यासाठी मसाला भरून गच्चीवर वाळत टाकल्या.

हात अजून भगभगतायत. चुकून डोळ्याला लावला. रडायला कारण मिळालं, चला.

१७ एप्रिल

छोटी बरणी मैत्रिणीकडे, कल्पिताकडे दिली. ती माझ्या नीरजाच्याच ऑफिसात आहे, ठाण्याला. म्हटलं, "नीरजाच्या बाबांना दे. माझ्याकडून सॉरी सांग."

कल्पिता म्हणाली, "लोणचं देऊन सॉरी? तू खरंच अर्धवट आहेस."

मग काय करू? होळीच्या आदल्या दिवशी डोंबिवलीला त्यांच्या गेटवर ते सगळ्यांसमोर म्हणाले, "बी.कॉम. अर्धं, मिरच्या मात्र पूर्ण!" माझं डोकं फिरलं. ओरडलो, "तुम्हाला बघून घेईन!" वॉचमन, भाजीवाला, फेऱ्या मारणारे आजोबा, सगळे ऐकत होते. नीरजा बाल्कनीत होती. त्या दिवसापासून एक शब्द नाही. ब्लॉक.

२३ एप्रिल

 नीट लिहिता येत नाही, पण लिहितो.

सकाळी आमचा वॉचमन काळुराम गच्चीवर आला. खूश होता. "काय ऋतुभाऊ, पानावरचा मावा-किडा गेला की नाय? तुमच्या झाडांना मीच औषध मारला. गावचा, शेतावरचा. एक नंबर."

कधी मारलं?

"तुम्ही तोडल्यात ना, त्याच्या दोन दिस आधी. पान न् पान भिजवला!"

बाटली मागून घेतली. लाल चौकोन, कवटी. बारीक अक्षरात लिहिलंय, फवारणीनंतर पंधरा दिवस तोडणी करू नये. दोन दिवस! आणि मी धुतल्या पण नाहीत!

काळुरामची कॉलर धरली. तो म्हणाला, "भाऊ, धुऊनच खातात ना माणसं?"

सोडला त्याला. 

घरची बरणी आईने अजून उघडली नव्हती, मुरायला ठेवलेली. सगळं पिशवीत बांधून फेकलं, सांडगे पण. आईला सांगितलं, बुरशी आली. ती म्हणाली, "तरी सांगितलं होतं, नीट सुकव."

पण ती बरणी?

२४ एप्रिल

कल्पिता फोन उचलत नाही. नऊ वेळा केला.

२५ एप्रिल

उचलला. नीरजाचे बाबा कालपासून हॉस्पिटलमध्ये आहेत. पोटात असह्य दुखतंय, उलट्या थांबत नाहीत.

मी विचारलं, "लोणचं खाल्लं होतं का त्यांनी?"

"ऋतुराज, माणूस ॲडमिट आहे आणि तुला लोणच्याचं पडलंय?" ठेवला फोन.

सगळ्यांसमोर म्हणालो होतो, बघून घेईन. आणि मग बरणी पाठवली. कोण म्हणेल चूक झाली? मी स्वतः तरी म्हटलं असतं का?

जेवण तसंच टाकून उठलो. आई कपाळाला हात लावून बघतेय, ताप आहे का म्हणून.

२६ एप्रिल

डोंबिवलीला गेलेलो. बाटली पिशवीत होती. ठरवलेलं, डॉक्टरांसमोर ठेवायची आणि सांगायचं, हे आहे पोटात, यावर इलाज करा. हॉस्पिटलसमोर रसवंतीपाशी दोन तास उभा होतो. नीरजा बाहेर आली, औषधाच्या दुकानात गेली, परत आत गेली. किती वाळलीय! रस्ता ओलांडला की दार होतं.

नाही ओलांडला. घाबरट साला. गेटवर ओरडायला येतं फक्त.

२८ एप्रिल

स्टोन! मुतखडा! कल्पिताचा मेसेज आला. उद्या घरी सोडतायत. विष वगैरे काही नाही! जिन्यातच बसलो आणि रडलो. निशाकाकू विचारत होती, "काय रे, रिझल्ट लागला काय तुझा?"

आता कोणाला काही सांगायचं नाही. त्यांनी खाल्लं असेल, पचलं असेल. नसेल खाल्लं तर माझ्यावरच्या रागाने फेकलं असेल. फेकलंच असणार! आता सांगितलं तर नीरजा जन्मात तोंड बघणार नाही. बाटली उद्या खाडीत टाकतो. विषय संपला.

२९ एप्रिल

खाडीपर्यंत गेलो, परत आलो. बाटली माझ्याकडेच आहे. का, माहीत नाही.

३० एप्रिल

नीरजाचा मेसेज! अठ्ठेचाळीस दिवसांनी!

"बाबांनी तुझ्या बरणीला हातसुद्धा लावला नाही. मीच लपवून ठेवलीय. रोज डब्यात दोन मिरच्या नेते. राग गेला नाहीये हां, पण मस्त झालंय. तळाशी थोडंच उरलंय. दोन दिवस मळमळतंय, हात थरथरतात, हॉस्पिटलच्या धावपळीने असेल. बरी झाले की बोलू."

फोन केला. "खाऊ नकोस" म्हणालो आणि सगळं सांगितलं. तिने तिकडे "बाबा!" अशी हाक मारली. मग तिच्या बाबांचा आवाज आला, "औषधाचं नाव काय?"

वाचून दाखवलं. बाटली पिशवीत घातलीय. डोंबिवलीला, त्याच हॉस्पिटलला निघालो.